कामाचे तास मोजल्याशिवाय नियम करू नका: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: अ‍ॅपवर काम करणाऱ्यांचे तास, हातात उरणारी कमाई आणि अपघात यांची सरकारी पाहणी करून आकडेवारी खुली करण्याबाबत

महोदय,

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' (नेहमीच्या नोकरीबाहेर सुटे काम करणारे) आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' (अ‍ॅपवरून काम मिळणारे) यांना प्रथमच कायद्यात जागा दिली. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यायची, असे ठरले. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्राने नियमांचा मसुदाही काढला. मी हे सगळे काळजीपूर्वक वाचले. नोंदणी आहे, आधार क्रमांक आहे, ओळखपत्र आहे, निधी आहे. पण हा माणूस दिवसाचे किती तास रस्त्यावर असतो, पेट्रोल आणि गाडीचा हप्ता वजा जाता त्याच्या हातात किती उरते आणि काम करताना तो पडला तर त्याची नोंद कुठे होते, हे कोण मोजणार आहे, याबद्दल त्यात एक ओळ नाही. जे मोजलेच नाही त्याच्यावर नियम होत आहेत. हे गप्प राहून मान्य करणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात बीड, परभणी, लातूर, धाराशिवकडून आलेली मुले मोठ्या संख्येने असतात. कुणी पदवीबरोबर स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, कुणी पेठेतल्या खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भागवून घरी काही पाठवता येते का ते बघतो. यांतले बरेच जण संध्याकाळी टी-शर्ट बदलून डिलिव्हरीला जातात. रात्रीच्या जेवणाच्या ऑर्डरी सातपासून वाढतात, इन्सेंटिव्हचा (ठरलेल्या वेळेत काम केल्यावर मिळणाऱ्या जादा पैशांचा) स्लॉटही तेव्हाच सुरू होतो. त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळी ठेवलेल्या तासाला बाक रिकामे पडू लागले आणि आम्ही वेळापत्रक बदलले. एका कंपनीच्या स्लॉटप्रमाणे महाविद्यालयाचे वेळापत्रक बदलावे लागते, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. काम बदलले की शिक्षण, लग्न, झोप, गावाशी असलेले नाते, सगळेच बदलते. आमचे शास्त्र याचाच अभ्यास करते. पण अभ्यासाला लागणारी आकडेवारी कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये बंद आहे आणि ती मागायचा अधिकार ज्यांच्याकडे आहे ते मागत नाहीत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मूलभूत तक्रार मोजणीची. देशात असे कामगार किती, याचा जो आकडा सगळे वापरतात तो नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालातला आहे: २०२०-२१ मध्ये ७७ लाख, आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख. हा आकडा मोजून आलेला नाही. कामगार पाहणीतले व्यवसायांचे आणि उद्योगांचे संकेतांक, वय, शिक्षण, शहरात राहणे अशा खुणा जुळवून काढलेला तो अंदाज आहे. आयोगाच्या अभ्यासकांना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्यांच्या हातात दुसरे काही नव्हतेच. केंद्राच्या नियमित कामगार पाहणीत माणूस स्वयंरोजगारी असतो, पगारी असतो किंवा रोजंदारीवर असतो. स्वतःची दुचाकी असलेला माझा विद्यार्थी त्यात 'स्वयंरोजगारी' म्हणून जातो. किराणा दुकानाचा मालक आणि तो एकाच रकान्यात. किराणा दुकानदार मालाचा भाव स्वतः ठरवतो, दुकान कधी बंद करायचे ते ठरवतो, उधारी कुणाला द्यायची ते ठरवतो. माझ्या विद्यार्थ्याला पुढच्या ऑर्डरचा दरही आधी ठाऊक नसतो. या दोघांना एकत्र मोजून आलेल्या आकड्याने आपण कोणते धोरण करणार?

आपल्याच राज्याचा एक जुना दाखला आपल्यासमोर ठेवते. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस सुरू केले. त्याच वर्षापासून हे कार्यालय 'लेबर गॅझेट' नावाचे मासिक काढू लागले. त्यात गिरण्यांतली मजुरी, संप, धान्याचे भाव, राहणीमानाच्या खर्चाचा निर्देशांक असे सगळे छापले जायचे. १९२१-२२ मध्ये या कार्यालयाने मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. घरात किती माणसे, तांदूळ-ज्वारी किती, खोलीचे भाडे किती, सावकाराचे व्याज किती, हे चाळीत जाऊन विचारले आणि पुढे प्रसिद्ध केले. ते परक्यांचे सरकार होते आणि गिरणी कामगारांविषयीचे त्याचे प्रेम सर्वांना ठाऊक आहे. तरीही मोजल्याशिवाय कारभार करता येणार नाही एवढे त्याला कळत होते. याच कार्यालयाच्या निर्देशांकाला पुढे गिरणी कामगारांचा महागाई भत्ता जोडला गेला. युनियनला मालकाशी भांडायला आकडा मिळाला, आणि तो सरकारी असल्यामुळे मालकाला तो नाकारता येईना. शंभर वर्षांनंतर, प्रत्येक फेरीचा सेकंदापर्यंतचा हिशेब यंत्रात आपोआप साठत असताना, पुण्यातल्या डिलिव्हरी कामगाराच्या जमाखर्चाची एकही सरकारी पाहणी आपण लोकांसमोर ठेवलेली नाही.

दुसरी तक्रार वेळेची. अ‍ॅपमध्ये लॉगइन केल्यापासून लॉगआउट करेपर्यंत माणूस कामावर असतो. कंपनीच्या लेखी मात्र ऑर्डर स्वीकारली की काम सुरू होते आणि पोहोचवली की संपते. मधला वेळ, म्हणजे हॉटेलच्या दारात पार्सलची वाट बघत उभे राहणे, डार्क स्टोअरसमोरच्या (फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठीच्या गोदामासमोरच्या) फुटपाथवर फोन हातात धरून बसणे, बाणेरला टाकलेल्या ऑर्डरनंतर पुन्हा ऑर्डरी मिळतील अशा भागात रिकामे परत येणे, हा कुणाच्याच हिशेबात नाही. या वेळेचे पैसे द्यायचे की नाहीत हा पुढचा वाद आहे. तो होण्याआधी ही वेळ आहे किती, हे तरी राज्याला ठाऊक हवे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ च्या उबरच्या निकालात चालक आपल्या भागात लॉगइन करून फेरी घ्यायला तयार असतो तो सगळा वेळ कामाचा धरला. न्यूयॉर्क शहराने तर याच वेळेवरून दर ठरवला. तिथल्या टॅक्सी आयोगाने अ‍ॅप कंपन्यांकडून प्रत्येक फेरीची नोंद घ्यायला सुरुवात केली. त्या नोंदींवर जेम्स पॅरट आणि मायकेल राइश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये अभ्यास केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात आयोगाने खर्च वजा जाता ताशी १७.२२ डॉलर हातात पडतील असा किमान दर ठरवला. चालकाचा किती वेळ प्रवाशाविना जातो हे त्या सूत्रातच आहे, त्यामुळे रस्त्यावर गरजेपेक्षा जास्त गाड्या उभ्या करण्याची किंमत कंपनीलाही मोजावी लागते. आधी आकडे सरकारच्या हातात आले, मग संशोधन झाले, मग नियम आला. आपल्याकडे नियम आला आहे आणि आकडे अजून कंपनीकडेच आहेत.

केंद्राच्या मसुद्यातली एक अट या संदर्भात बघावी. वर्षात एका कंपनीबरोबर किमान ९० दिवस किंवा एकाहून अधिक कंपन्यांबरोबर मिळून १२० दिवस काम केले असेल तर लाभाला पात्र. हे दिवस मोजणार कोण? कंपनी. ऐंशीव्या दिवशी आयडी, म्हणजे कामगाराचे कंपनीकडचे खाते, बंद झाला तर? गावी पेरणीला गेलेला मुलगा परत आल्यावर त्याची मोजणी कुठून सुरू होणार? आमच्या मुलांचे काम सणाला वाढते, परीक्षेला थांबते, पावसात दुप्पट होते, आजारपणात बंद पडते. त्यांचे वर्ष कसे असते हे कुणी पाहिले असते, तर ही अट अशी लिहिली गेली नसती असे मला वाटते. राज्याचे नियम करताना आपण तरी ते पाहावे, ही विनंती.

तिसरी तक्रार पैशांची, आणि ती थोडक्यात सांगते कारण ती सगळ्यांना माहीत आहे. जाहिरातीत महिन्याचा आकडा असतो, मागे 'पर्यंत' हा शब्द असतो. त्या आकड्यातून पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, मोबाइलचा डेटा, ई-बाइक असेल तर तिचे आठवड्याचे भाडे, ग्राहकाने रद्द केलेल्या ऑर्डरची कपात, हे सगळे वजा करायचे असते. रेट कार्ड, म्हणजे कंपनीचे दरपत्रक, कधीही बदलते. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली परिसरात किराणा पोहोचवणाऱ्या एका कंपनीने प्रत्येक ऑर्डरचा मूळ दर २५ रुपयांवरून १५ रुपयांवर आणला, तेव्हा कामगारांनी संप केला. अशा बदलाआधी सरकारला कळवावे लागत नाही, कामगाराशी बोलावे लागत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याचा आधार या कामाला मिळाला नाही आणि वेतन संहितेतही तो मिळालेला नाही.

चौथी तक्रार अ‍ॅप कामाचे वाटप कसे करते याविषयी. मुंबईच्या गिरण्यांत मुकादम, म्हणजे जॉबर, सकाळी दारात उभा राहून बदली कामगारांतून, म्हणजे गैरहजर कामगारांच्या जागी दिवसापुरते घेतले जाणाऱ्यांतून, माणसे उचलायचा. कुणाला घ्यायचे, कुणाला परत पाठवायचे हे त्याच्या मर्जीवर. त्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागे. १९२९ ते १९३१ या काळात ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्हिटली कामगार आयोगाने या पद्धतीची नोंद केली आणि १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्ड देऊन यादीप्रमाणे काम देण्याची योजना आणली. मुकादमाची मर्जी त्याने संपली असे नाही, पण यादी तरी आली. आजचा मुकादम अल्गोरिदम, म्हणजे कुणाला कोणते काम द्यायचे ते ठरवणारा संगणकातला हिशेब, आहे आणि त्याची यादी कुणालाच दिसत नाही. दोन मुले एकाच पारावर बसलेली असतात, एकाला लागोपाठ ऑर्डरी येतात, दुसऱ्याला तासभर काही नाही. कारण? टीम लीडरला विचारले तर तो म्हणतो, 'सिस्टीमला विचार.' रेटिंग का घसरले, दूरची ऑर्डर नाकारल्याचा परिणाम होतो का, रविवारी सुट्टी घेतली तर सोमवारी झोन बदलतो का, या प्रश्नांची उत्तरे मुलांनी आपापसांत अंदाजाने शोधली आहेत. जुना मुकादम निदान त्याच चाळीत राहायचा, त्याच्या दारात जाऊन भांडता यायचे.

आणि आयडी बंद होणे. माझ्या एका विद्यार्थ्याचा आयडी एका ग्राहकाच्या तक्रारीवरून बंद झाला. तक्रार काय होती हे त्याला कळले नाही. हेल्पलाइनवरचे उत्तर आधीच टंकून ठेवलेले होते, प्रत्येक वेळी तेच आणि इंग्रजीत. परीक्षेचे शुल्क भरायची मुदत तोंडावर होती, म्हणून त्याने मित्राचा आयडी भाड्याने घेऊन काम सुरू केले. मित्राच्या आयडीवर काम करताना अपघात झाला असता तर विमा मित्राच्या नावाचा. कारखान्यातल्या माणसाला काढताना नोटीस लागते, चौकशी लागते. इथे कारणही लागत नाही. स्पेनने २०२१ च्या कायद्याने काम वाटणाऱ्या अल्गोरिदमची माहिती कामगारांच्या प्रतिनिधींना देणे सक्तीचे केले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशात माणसाच्या देखरेखीशिवाय खाते बंद करायला बंदी आहे. परदेशाचे सोडा, शेजारच्या कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात काढून टाकण्याआधी कारणासह १४ दिवसांची नोटीस आणि यंत्राच्या निर्णयांविषयी माहिती मागण्याचा अधिकार दिला आहे. राजस्थानने २०२३ मध्ये देशातला पहिला कायदा केला. झारखंड आणि बिहारनेही २०२५ मध्ये केले. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक एवढी शहरे पोटात असलेल्या महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा कुठे आहे?

पाचवी तक्रार अपघातांची. रस्ते अपघातांचे सरकारी अहवाल वाहनाप्रमाणे होतात: दुचाकी, मोटार, पादचारी. दुचाकीवरचा माणूस कामावर होता की फिरायला चालला होता हे त्यात येत नाही. त्यामुळे पावसाळ्यात, रात्री अकरानंतर, किंवा दहा मिनिटांत पोहोचवण्याच्या घाईत किती डिलिव्हरी कामगार मरतात, हे या राज्यात कुणीही सांगू शकत नाही. विद्यापीठातला अभ्यासक सांगू शकत नाही, पोलीस आयुक्त सांगू शकत नाहीत आणि महोदय, आपणही सांगू शकत नाही. कामावर मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ पासून आहे. गिरणीतल्या पट्ट्यात हात गेलेला माणूस नोंदला जायचा. कर्वे रस्त्यावर पार्सलसकट पडलेला मुलगा फक्त 'दुचाकीस्वार' असतो.

सहावी तक्रार स्त्रियांच्या कामाविषयी आहे आणि माझ्या मते तिच्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष झाले आहे. गिग काम म्हटले की डोळ्यांपुढे दुचाकीवरचा तरुण येतो. घरोघर जाऊन पार्लरचे काम करणाऱ्या बायका, आणि आता अ‍ॅपवरून तासाच्या हिशेबाने येणाऱ्या घरकामगार, या त्या चित्रात नसतात. २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये ब्युटिशियन बायकांनी कमिशन, कंपनीकडूनच घ्यावे लागणारे सामान आणि आयडी बंद करणे याविरुद्ध रस्त्यावर आंदोलन केले, तेव्हा थोडे लक्ष गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवण्याची सेवा सुरू झाली. तिच्या नावावरून गदारोळ झाला, नाव बदलले, चर्चा तिथेच संपली. खरा प्रश्न पुढे आहे. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. अ‍ॅपवरून भांडी घासायला येणारी बाई या कायद्याखालची घरेलू कामगार आहे, की संहितेखालची गिग कामगार? दोन्ही ठिकाणी नोंद करायची की कुठेच होणार नाही? अनोळखी घराच्या बंद दाराआड एकटीने काम करताना काही घडले तर तिची तक्रार कोण घेणार? ग्राहकाला तिला तारे देता येतात. घर कसे होते, हे बाईने लिहिले तर ते कुणाच्या दृष्टीस पडते?

इथे जात आणि धर्मही आहेत. आपल्या शहरांतल्या सोसायट्यांमध्ये डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी अशा पाट्या आहेत. पाणी मागितल्यावर मिळालेला वेगळा ग्लास मुले विसरत नाहीत. २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने मुसलमान माणूस जेवण आणतो आहे म्हणून ऑर्डर रद्द केली, तेव्हा देशभर चर्चा झाली कारण त्याने ते जाहीर लिहिले. जे लिहीत नाहीत आणि गुपचूप एक तारा देतात, त्यांचे काय? अ‍ॅपच्या पडद्यावर नाव दिसते, आडनाव दिसते. ग्राहकाचा पूर्वग्रह रेटिंगमध्ये उतरतो की नाही हे संशोधनाने सहज तपासता येईल. आकडे हवेत, एवढेच.

आता कंपन्यांचे म्हणणे. त्या म्हणतात, लोकांना स्वातंत्र्य आवडते, हवे तेव्हा काम करता येते. यात खोटे काही नाही. माझ्या विद्यार्थ्यांना विचारले तर बरेच जण हेच सांगतात. हॉटेलात वेटर म्हणून मालकाच्या शिव्या खाण्यापेक्षा हे बरे, असे म्हणणारा मुलगा मला भेटला आहे आणि त्याचे म्हणणे मी मनापासून मानते. पण सात ते अकराचा स्लॉट पूर्ण केल्याशिवाय इन्सेंटिव्ह नसेल, आणि इन्सेंटिव्हशिवाय पेट्रोल सुटत नसेल, तर 'हवे तेव्हा' या शब्दांत किती तथ्य उरते? पूर्ण वेळ काम करणारे किती, पोटाला जोड म्हणून करणारे किती, सहा महिन्यांत सोडणारे किती, चाळिशीनंतर हे लोक कुठे जातात? कंपनी आपला आकडा सांगते, युनियन आपला सांगते. तिसरा, सर्वांना तपासता येईल असा आकडा हवा आणि तो देणे सरकारचे काम आहे.

आकडे मागायला अधिकार नाही, असे कुणी आपल्याला सांगत असेल तर ते खरे नाही. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने राज्य सरकारला कंपन्यांकडून आकडेवारी मागण्याचा अधिकार दिला आहे आणि न देणाऱ्याला दंड आहे. कुणाची व्यक्तिगत माहिती उघड होणार नाही याची हमीही त्याच कायद्यात आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संशोधनासाठी आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे. न्यूयॉर्क चालकांची नावे काढून फेऱ्यांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या करते. त्याने तिथल्या कंपन्यांचा धंदा बसलेला नाही.

एका मालकाचा नसलेल्या कामगाराला संरक्षण कसे द्यायचे, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. हमाल आज या व्यापाऱ्याचे पोते उचलतो, उद्या दुसऱ्याचे. मग मालक कोण? या प्रश्नावर अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापारी आणि कामगार दोघांची नोंदणी, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (व्यापाऱ्याने द्यायची जादा रक्कम) मंडळात जमा, मंडळातून कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना. यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट ही की मजुरी मंडळातून जात असल्यामुळे कोणी किती काम केले आणि त्याला किती मिळाले, याचा हिशेब मंडळाकडे असतो. पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांचेही तसेच. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून त्यांची संघटना उभी राहिली आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. त्या बायका शहराचा किती कचरा वाचवतात, पालिकेचे किती पैसे वाचतात, हे अभ्यासाने दाखवले गेले आणि पालिकेने ओळखपत्रे व विमा देण्यामागे त्या अभ्यासाचेही बळ होते. संशोधन आणि कामगारांची चळवळ एकत्र चालली की काय होते, हे याच राज्यात घडले आहे.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक, राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडून अ‍ॅप कामगारांची घरोघर जाऊन पाहणी करावी: लॉगइनचे तास, वाट बघण्याचे तास, खर्च वजा जाता कमाई, कर्ज, शिक्षण, स्थलांतर, लिंग आणि सामाजिक गट. ती दर दोन वर्षांनी व्हावी आणि तिचे निष्कर्ष आर्थिक पाहणीत स्वतंत्र प्रकरण म्हणून यावेत, मराठीत.

दोन, २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याचा अधिकार वापरून प्रत्येक कंपनीकडून दर तिमाहीला फेऱ्यांच्या नोंदी, दरातले बदल आणि बंद केलेल्या आयडींची संख्या कारणांसह मागवावी. नावे काढून ती सर्वांसाठी खुली करावी.

तीन, पोलिसांच्या अपघात नोंदीत आणि सरकारी रुग्णालयांच्या नोंदवहीत 'कामावर होता का, कोणत्या कंपनीच्या' हा रकाना घालावा. यासाठी कायदा बदलावा लागणार नाही, गृह आणि आरोग्य विभागाशी आपण बोललात तरी पुरे.

चार, आयडी बंद करण्यापूर्वी मराठीत लेखी कारण, उत्तर देण्याची संधी आणि ऐकून घेणारा माणूस. काम वाटण्याच्या आणि रेटिंगच्या नियमांची माहिती कामगाराला मिळावी.

पाच, अ‍ॅपवरच्या घरकामगार आणि ब्युटिशियन बायकांची नोंद कोणत्या कायद्याखाली होणार, याचा लेखी खुलासा विभागाने करावा. तो होईपर्यंत घरेलू कामगार मंडळाने त्यांना नाकारू नये.

सहा, महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा करावा, आणि त्यातले मंडळ माथाडी मंडळासारखे त्रिपक्षीय, म्हणजे सरकार, कंपन्या आणि कामगार या तिघांचे, असावे. कामगारांचे प्रतिनिधी कामगारांनी निवडलेले असावेत, त्यांत स्त्रियांना जागा असावी. कंपनीने दिलेले पैसे आणि कामगाराला मिळालेले पैसे यांचा हिशेब मंडळात दिसावा.

यातल्या पहिल्या तीन मागण्यांसाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट बघावी लागत नाही. विभागाने ठरवले तर काही आठवड्यांत आदेश निघू शकतात. या मागण्यांवर विभागाचे म्हणणे लेखी आणि जाहीर यावे. पाहणीची प्रश्नावली करताना चालकांच्या, डिलिव्हरी कामगारांच्या आणि घरकामगारांच्या संघटनांना पहिल्या बैठकीपासून बोलवावे, अंतिम मसुदा तयार झाल्यावर नव्हे. राज्यातल्या विद्यापीठांच्या समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांत हे काम करू इच्छिणारे शिक्षक आणि विद्यार्थी आहेत. प्रश्नावली लिहिणे, पाहणी करणाऱ्यांना शिकवणे, आलेली माहिती तपासणे, यासाठी मी स्वतः मोबदला न घेता यायला तयार आहे. बैठकीची तारीख कळवावी.

आपली,
समाजशास्त्राची एक प्राध्यापिका
पुणे